केयं आणि केळं

पिशवीत हात घालून आतली वस्तू ओळखायची, हा आमच्या बालघरातल्या मुलांचा आवडता खेळ. साध्या खादीची, तोंडाशी नाडी असलेली पिशवी. आत कधी सुपारी, कधी लिंबू, कधी कपाशीचं बोंड, कधी पितळी घंटी. डोळे मिटून चाचपायचं आणि नाव सांगायचं. त्या दिवशी जळगावात नुकत्याच राहायला आलेल्या, साडेतीन वर्षांच्या एका मुलीने पिशवी हातात घेतली. तिचे आईवडील यावलकडच्या खेड्यातून कामासाठी शहरात आलेले. आठ दिवस ती कुणाशी बोलली नव्हती. कोपऱ्यातल्या चटईवर बसून सगळं नुसतं बघायची. त्या सकाळी आपण होऊन उठली, पिशवीत हात घातला, बराच वेळ चाचपलं आणि हलक्या आवाजात म्हणाली, "केयं."

बरोबर होतं. आत केळंच होतं. पण शेजारी बसलेला पाच वर्षांचा मुलगा लगेच म्हणाला, "केयं नाही, केळं म्हणतात." त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, त्यालाही कुणीतरी असंच सांगितलेलं असणार. मुलीने हात बाहेर काढला, फ्रॉकला पुसला आणि चटईवर जाऊन बसली. पुढचे तीन आठवडे ती त्या पिशवीकडे फिरकली नाही. मी तिथेच होते आणि गप्प राहिले. "दोन्ही बरोबर" एवढं म्हणायला कितीसा वेळ लागला असता? पण तेवढंही मला त्या वेळी सुचलं नाही, आणि त्याची बोच अजून गेलेली नाही.

हे पुस्तक लिहायला बसले ते पुढे कैक वर्षांनी, पण त्याची सुरुवात त्या तीन आठवड्यांत झाली. जळगाव-धुळ्याकडे तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी घरासारखी शाळा काढायची म्हणजे काय करायचं? पडदे, गाद्या, भिंतीवर हत्ती-घोडे, दारात स्वागताला हसऱ्या ताई, एवढ्याने घरपण येतं का? आणि घर म्हणायचं तर ते कुणाचं घर? जिल्हापेठेतल्या बंगल्याचं, की आसोद्याच्या धाब्याच्या घराचं, की साक्रीकडच्या पाड्यावरच्या झोपडीचं? या प्रश्नांची उत्तरं शोधताना मी आधी फार दूर गेले आणि मग परत इथेच आले. वाचकालाही तीच वाट धरून न्यावं म्हणते.

दूर म्हणजे रोमला. सान लोरेन्झो ही तिथली मजुरांची वस्ती. तिथे नव्याने दुरुस्त केलेल्या चाळींमध्ये आईबाप दिवसभर कामावर जात आणि शाळेच्या वयाची नसलेली पोरं जिन्यांत हुंदडत, भिंती खराब करत. चाळवाल्यांना भिंतींची काळजी. मुलांना एका खोलीत सांभाळायला कुणीतरी हवं, म्हणून त्यांनी मारिया माँटेसरी या डॉक्टर बाईंना बोलावलं. 6 जानेवारी 1907 या दिवशी ती खोली उघडली. तिचं नाव ठेवलं 'कासा देई बाम्बिनी', म्हणजे मुलांचं घर. नावात शाळा हा शब्द नाही, याकडे आपलं फारसं लक्ष जात नाही. ती खोली चाळीतच होती. आई कामावरून येता येता आत डोकावू शकत होती. शिकवणारी बाई त्याच इमारतीत राहायला. घर या शब्दाचा पहिला अर्थ इतका सरळ होता: मूल जिथे राहतं, तिथेच.

दुसरा अर्थ मुलांनी दाखवला. माँटेसरीबाईंनी तिथे खेळणीही ठेवली होती आणि मतिमंद मुलांसाठी पूर्वी वापरलेली काही साधनंही. मुलं खेळणी सोडून साधनांकडे वळली. लाकडाच्या ठोकळ्यातल्या खाचांमध्ये लहानमोठे दट्टे बसवायचं एक साधन आहे. तीनेक वर्षांची एक मुलगी ते काढतेय, बसवतेय, पुन्हा काढतेय. बाईंनी मोजलं. चाळीसहून अधिक वेळा झालं. मध्येच तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवलं, भोवती बाकीच्यांना गाणं म्हणायला लावलं, तरी ती थांबली नाही. मग आपणच थांबली आणि झोपेतून ताजंतवानं होऊन उठावं तशी इकडेतिकडे पाहू लागली. जिने घरी भावंडाला थापटून निजवलंय, पोळपाटावर कणकेचा गोळा चाळीसदा लाटलाय, अशी मुलगी आपल्याकडेही प्रत्येक घरात असते. आपण तिला "पुरे झाला पसारा" म्हणतो. त्या बाईंनी ते काम म्हणून पाहिलं. घरात प्रत्येकाला काम असतं. मुलांच्या घरात मुलांना काम हवं. त्यांची सगळी पद्धत या एका निरीक्षणातून वाढलेली आहे.

ही गोष्ट आपल्याकडे आली ती आधी गुजरातेतून. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत वकिली सोडून आलेल्या गिजुभाई बधेकांनी 1920 साली बालमंदिर सुरू केलं. त्यांना येऊन मिळाल्या आपल्या ताराबाई मोडक. या दोघांनी 1926 साली नूतन बालशिक्षण संघ काढला. ताराबाईंनी मराठीत शिक्षणपत्रिका चालवली, मुंबईत दादरला शिशुविहार उभा केला. इटलीतलं मुलांचं घर इथे येता येता मंदिर झालं. भाव मोठा होता, बालक हाच देव. पण मंदिरात शिरताना माणूस बिचकतो, आवाज खाली आणतो, चप्पल बाहेर काढतो. शहरातल्या पांढरपेशा घरांना ते जमलं. खेड्यातली आई मात्र उंबरठ्याबाहेरच थांबली.

ताराबाईंना हे कुणी सांगावं लागलं नाही. 1945 साली त्या समुद्रकाठच्या बोर्डीला गेल्या. तिथे त्यांना अनुताई वाघ भेटल्या, बालपणीच विधवा झालेल्या, शिकत आणि शिकवत तिशी ओलांडलेल्या. बोर्डीच्या बालवाडीत गावातल्या वरच्या आळीची मुलं आली. दलित वस्तीतली आली नाहीत. कुणाला लहान भाऊ सांभाळायचा, कुणाला अंगावर कपडा नाही, कुणाला मनातून भीती. ताराबाई त्यांच्याकडे गेल्या. वस्तीतल्या अंगणातच सतरंजी टाकली आणि तिथेच शाळा भरवली. नखं कापणं, डोळे धुणं, गाणं, गोष्ट, खडे मोजणं. आज राज्यभर एक लाखाहून जास्त ठिकाणी जी पाटी दिसते, तिच्यावरचा अंगणवाडी हा शब्द त्या सतरंजीवरून उठलेला आहे. 2 ऑक्टोबर 1975 ला सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा हा शब्द तयारच होता. त्याच्या कितीतरी आधी, 1957 साली, दोघी कोसबाडच्या टेकडीवर गेल्या, वारल्यांच्या मुलांमध्ये. तिथे गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणातच शाळा भरली.

घर, मग मंदिर, मग अंगण. माझ्या मते हा आपल्या बालशिक्षणाचा सगळ्यात मोलाचा प्रवास आहे. शेवटच्या पावलावर ताराबाईंनी एक अवघड गोष्ट केली. मूल शाळेत येत नाही तर शाळेने मुलाच्या घराजवळ जावं, हे तर होतंच. पण शाळेतल्या वस्तूही तिथल्याच घ्याव्यात, हेही त्यांनी ठरवलं. महागडी साधनं खेड्याला परवडणार नव्हती. शंख-शिंपले, बिया, पानं, माती, बांबू यांतून त्यांनी आणि अनुताईंनी नवी साधनं घडवली. समुद्रकाठी शिंपले मिळाले, डोंगरात बिया मिळाल्या. आपल्या तापीकाठी काय मिळतं, हे पाहायचं काम मात्र आपल्यावर सोडलेलं आहे.

इथे मला अमळनेरला थांबलंच पाहिजे. साने गुरुजी 1924 साली तिथल्या शाळेत शिक्षक म्हणून आले आणि सहा वर्षं राहिले. वसतिगृहातल्या मुलांची अंथरुणं ते घडी करून ठेवत, आजाऱ्याच्या उशाशी बसत, मुलांसाठी रोज हाताने लिहून दैनिक काढत. घर सोडून आलेल्या मुलांना त्यांनी घर दिलं. खानदेशात शाळेला घरपण देण्याची ही सगळ्यात मोठी परंपरा आहे. पण मी बालवाडीत काम करू लागले तेव्हा एक पेच पडला. गुरुजी मुलांचं अंथरूण आवरत, आणि माँटेसरी म्हणते, मुलाला स्वतःचं आवरू द्या. यातलं खरं कोणतं? पुष्कळ दिवसांनी उलगडा झाला. गुरुजींच्या हातची घडी पाहून मुलांना लाज वाटायची आणि मुलं आपणच आवरायला शिकायची. मोठ्या मुलाला पाहून शिकता येतं. तीन वर्षांच्या मुलाला लाज वाटत नाही, त्याला हौस असते. त्याच्यासमोर घडी सावकाश, न बोलता, एकदा घालून दाखवायची आणि रुमाल त्याच्या हाती द्यायचा. चूल वेगळी असली तरी विस्तव एकच आहे.

आता या घरातल्या वस्तूंकडे येऊ. पुस्तकाचा मोठा भाग याच विषयाचा आहे, त्यामुळे इथे एकदोनच दाखवते. एक आहे डाळ ओतणं. दोन लहान पितळी वाट्या, एका ताटलीत. एकीत निम्म्यापर्यंत तुरीची डाळ. मूल उजव्या हाताने वाटी उचलतं, दुसरीवर आणतं, तिरकी करतं. पहिल्या दिवशी डाळ बदकन पडते, निम्मी ताटलीत. ताई काही म्हणत नाही. ताटलीची कडाच सांगते की डाळ सांडली. मूल चिमटीने एकेक दाणा उचलून परत वाटीत टाकतं. या चिमटीकडे बघा: अंगठा, तर्जनी आणि मध्यमा. वर्षाभराने पेन्सिल याच तीन बोटांत येणार आहे. आठवड्याभराने डाळ पडण्याचा आवाज बदलतो, बदकन पडण्याऐवजी बारीक सर लागते आणि मूल तो आवाज ऐकत थांबतं. पुढे डाळीऐवजी मुगाचे दाणे, मग दादर ज्वारी, मग पाणी. आपल्याकडच्या बायका सुपात धान्य पाखडतात तेव्हा हात असाच चालतो. मूल ते पाळण्यातून बघत आलेलं असतं. शाळेत त्याला पहिल्यांदा त्या हालचालीचा अधिकार मिळतो.

दुसरी वस्तू आहे कपाशीचं बोंड. वाळलेलं, फुटलेलं, चार पाकळ्यांचं. त्यातून कापूस वेगळा करायचा, कापसातून सरकी. सरकीला कापूस चिकटून राहतो, सहज सुटत नाही. नखाने ओढावा लागतो. चार वर्षांचं मूल एका बोंडावर अर्धा तास बसतं. कापूस एका टोपलीत, सरकी दुसरीत, टरफलं तिसरीत. तीन टोपल्या भरल्या की मूल त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहतं, ती नजर माझ्या वडिलांची होती, सरकारच्या कापूस एकाधिकार खरेदीच्या केंद्रावर गाडी उभी करून आले की.

पण इथे एक सांगायलाच हवं, कारण स्थानिक साधनांच्या नावाखाली हलगर्जीही खूप चालते. माँटेसरीचा गुलाबी मनोरा म्हणजे दहा घन. सगळ्यात लहानाची बाजू एक सेंटिमीटर, मोठ्याची दहा, आणि प्रत्येकात बरोबर एका सेंटिमीटरचा फरक. हे घन जळगावातला कुठलाही चांगला सुतार बनवू शकतो. पण त्यात एखादा घन दोन मिलिमीटर कमी झाला की मनोरा खोटं बोलू लागतो. मूल रचतं, काहीतरी खटकतं, पण चूक आपली की लाकडाची, हे त्याला कळत नाही. चूक वस्तूने सांगायची, हाच तर या साधनांचा जीव आहे. म्हणून जी वस्तू मापाची आहे ती मापानेच करून घ्या, सुताराशी वाद घालून, पट्टी लावून. जी वस्तू घरातली आहे ती घरातूनच आणा, जुनी, वापरलेली, हात लागलेली. काच हवी तर खरी काच, माती हवी तर खरी माती. फुटली तर फुटली. आखाजीला आपल्याकडे मातीची घागर पुजतात; तेव्हा कुंभाराकडून पन्नासेक लहान बोळकीही घेऊन ठेवावीत. वर्षभरात निम्मी फुटतात. उरलेली निम्मी जपायला मुलं शिकलेली असतात.

जागेबद्दल लोक फार विचारतात. आपला उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या पलीकडे जातो. मार्चपासून शाळा सकाळी लवकर भरून दहा-साडेदहाला सुटायला हवी. पत्र्याच्या खोलीत बालघर काढू नये. जुनं धाब्याचं घर मिळालं तर नशीब समजा. मातीच्या जाड भिंती आणि वरचं मातीचं धाबं दुपारपर्यंत आतला गारवा धरून ठेवतं. धुळ्याला पेठेतली जुनी घरं अजून बरीच आहेत. इंग्रजी अमलाच्या सुरुवातीला कॅप्टन ब्रिग्जने तिथे नवी पेठ आखली, सरळ रस्ते आणि समांतर गल्ल्या. या गल्ल्यांना नावांऐवजी नंबर आहेत. मुलांना घेऊन सकाळी त्या भागातून फिरताना मला वाटायचं, अंक शिकवायला याहून चांगलं साधन कुणाच्या कपाटात आहे? पाच वर्षांचा मुलगा कोपऱ्यावर थांबतो, पाटीवरच्या आकड्यावर बोट फिरवतो आणि ओरडतो, "ताई, ही पाच नंबरची, म्हणजे पुढची सहा!" आणि पुढे धावत जाऊन खात्री करून येतो.

आता त्या केयं शब्दाकडे. इथे मला सावकाश बोलायचंय, कारण पुस्तकाचा गाभा हाच आहे.

मी साक्री तालुक्यातल्या एका गावात अहिराणीत वाढले. पहिलीत असताना तहान लागली म्हणून "माले पानी दे" म्हणाले, तेव्हा गुरुजींनी मला उभं केलं आणि वर्गाकडून "मला पाणी द्या" असं तीनदा म्हणवून घेतलं. पाणी मिळालं ते मधल्या सुट्टीत. त्या दिवसापासून शाळेत मी दोन जिभांनी राहिले. हे दुःख एकटीचं नाही; या पट्ट्यातल्या हजारो लोकांनी ते मुकाट्याने गिळलेलं आहे. पश्चिमेला अहिराणी, पूर्वेला रावेर-यावल-जळगावकडे लेवा गणबोली, सातपुड्यात पावरी, भिलोरी, तडवींची बोली. मूल बालवाडीत येतं तेव्हा त्याच्याजवळ यातली एक भाषा पूर्ण तयार असते. वाक्यरचना, लिंग, वचन, काळ, राग, लाड, विनोद, सगळं.

हे तयार कसं होतं, याबद्दल माँटेसरीबाईंनी जे लिहिलं ते भारतात राहून लिहिलं. 1939 च्या नोव्हेंबरात त्या मद्रासजवळच्या अड्यारला शिक्षकांना शिकवायला आल्या. पुढे इटली युद्धात उतरली, इंग्रज सरकारने त्यांच्यावर शत्रूराष्ट्राच्या नागरिक म्हणून निर्बंध घातले आणि काही महिन्यांचा मुक्काम वर्षांवर गेला. त्या कोडाईकनालला राहिल्या, अहमदाबादला शिकवलं, शेकडो शिक्षक तयार केले. लहान मूल भोवतालचं सगळं कसं शोषून घेतं, भाषा कुणी न शिकवता कशी आपलीशी करतं, यावरचं त्यांचं प्रसिद्ध पुस्तक 1949 साली अड्यारहूनच निघालं. भारतीय आया मुलांना कडेवर घेऊन शेतात, बाजारात, देवळात सगळीकडे नेतात आणि मूल सारखं मोठ्यांच्या बोलण्यात असतं, हे त्या डोळ्यांनी पाहत होत्या. मूल जे शोषून घेतं ते त्याच्या शरीरात मुरतं, असं त्यांचं म्हणणं. मग केयं हा शब्द त्या मुलीच्या शरीराचा भाग होता. तो नाही म्हणणं म्हणजे तिचा हात नाही म्हणण्यासारखं होतं. तिने हात पिशवीतून काढून घेतला, यात काय नवल?

आणि आपण खानदेशातली माणसं या बाबतीत तर दुप्पट जबाबदार आहोत. आसोद्याला 1880 साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी लिहायला-वाचायला शिकल्या नाहीत. जात्यावर, शेतात, चुलीपुढे त्यांनी जी गाणी रचली ती त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी आणि नात्यातल्या पितांबर चौधरींनी उतरवून ठेवली म्हणून राहिली. त्या 1951 साली गेल्या आणि पुढच्याच वर्षी त्यांची गाणी पुस्तकरूपाने निघाली, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. त्या प्रस्तावनेने महाराष्ट्राला सांगितलं की ही बोली म्हणजे सोनं आहे. आज जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव आहे. त्यांच्या कविता पाठ्यपुस्तकात आहेत, मुलं त्या पाठ करतात. त्या कवितांत ळ च्या जागी य येतो, तोच य जो त्या मुलीच्या केयं मध्ये होता. विद्यापीठाच्या वेशीवर आपण तो य सोन्याने कोरतो आणि बालवाडीच्या उंबरठ्यावर खोडून काढतो. मला हे सहन होत नाही.

म्हणून आमच्या बालघरात पुढे काय केलं ते सांगते. दोन नियम केले. पहिला असा की मूल ज्या भाषेत बोलेल, त्या भाषेत ताईने पहिलं उत्तर द्यायचं. येत नसेल तर त्या मुलाकडून शिकायची. दुसरा असा की प्रमाण मराठी घाईने आणायची नाही, पण टाळायचीही नाही. ती नव्या आवाजासारखी, नव्या वस्तूसारखी आणायची. इथे खरखरीत कागदाची अक्षरं फार उपयोगी पडली. पाटीवर वाळूच्या कागदातून कापून चिकटवलेलं अक्षर, त्यावर दोन बोटं फिरवायची आणि आवाज म्हणायचा. ळ हे अक्षर बोटांना फार आवडतं, दोन बाजूंना दोन गोल. बोट फिरवताना जीभ मागे वळवून मूल तो आवाज काढतं. ज्याच्या घरी ळ नाही त्याला तो मिळतो, आपला य न सोडता. ती मुलगी पाच वर्षांची झाल्यावर एकदा त्या पाटीवर बोट फिरवत बसली होती. मग पिशवी घेऊन आली, माझा हात आत घातला आणि विचारलं, "काय शे?" आत केळं होतं. मी म्हणाले, "केयं." ती म्हणाली, "आन् केळं बी."

पद्धतीवर माझी एक हरकतही नोंदवते. माँटेसरीबाई इतक्या लहान वयात परीकथांना फारसा थारा देत नसत. खऱ्या जगाची ओळख आधी व्हावी, असं त्यांना वाटे. गिजुभाईंनी हे जसंच्या तसं घेतलं नाही. त्यांच्या बालमंदिरात गोष्ट हा रोजचा घास होता. ताराबाई-अनुताईंनीही गाणं, गोष्ट, नाटक भरभरून आणलं. मी त्यांच्या बाजूची आहे. ज्या प्रदेशात भादव्यापासून कोजागिरीपर्यंत मुली घरोघर भुलाबाईची गाणी म्हणतात, आखाजीला झोक्यावर गाणी होतात, कानबाईच्या रोटांना अख्खी भावकी जमते, तिथे मुलांच्या घरात गाणं आणि गोष्ट नसेल तर ते घर कुणालाच ओळखीचं वाटणार नाही. मात्र शांततेचा खेळ मी एक दिवसही सोडला नाही. सगळी मुलं डोळे मिटून बसतात, ताई दुसऱ्या खोलीतून कुजबुजत एकेकाचं नाव घेते, नाव ऐकलं की पाऊल न वाजवता यायचं. तीस मुलांची खोली इतकी शांत होते की बाहेर निंबाच्या झाडावरची खार ऐकू येते.

पालकांच्या एका काळजीबद्दलही लिहायला हवं. माँटेसरी हे नाव कुणाच्या मालकीचं नाही. कुणीही पाटीवर लिहू शकतं. त्यामुळे पाटी माँटेसरीची आणि आत साडेतीन वर्षांच्या मुलांना ओळीत बसवून चार रेघी वहीत ए-बी-सी-डी गिरवायला लावणं, असं सर्रास दिसतं. आईबापांना वही भरलेली दिसली की बरं वाटतं. त्यांचं चुकतं असं मला वाटत नाही; फी भरायला त्यांनी रक्ताचं पाणी केलेलं असतं आणि वही हीच त्यांना दिसणारी एकमेव पावती असते. त्यांना दुसरी पावती दाखवणं हे ताईचं काम. महिन्यातून एकदा त्यांना बोलवा, बोलू नका, नुसतं बसवा आणि त्यांच्या मुलाला एक तास काम करताना पाहू द्या. माझा अनुभव असा की त्यातले बरेच जण निघताना वहीबद्दल विचारत नाहीत. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा पायाभूत टप्पा मानला आणि खेळातून, कृतीतून, घरच्या भाषेतून शिकण्यावर भर दिला. कागदावर हे ताराबाईंच्या सतरंजीच्या जवळ जाणारं आहे. ते खाली उतरवायचं काम मात्र त्या अंगणवाडी सेविकेच्या डोक्यावर आहे, जिला पोषण आहार, लसीकरण, नोंदवह्या आणि मोबाइलवरची माहिती भरणं, एवढं सगळं करून तुटपुंजं मानधन मिळतं. या पुस्तकातली निम्मी साधनं मुद्दाम अशी निवडली आहेत की एका सेविकेला, एका खोलीत, खिशाला फार चाट न लावता करता यावीत. बंगल्यातल्या बालघरालाही ती चालतील.

पुस्तक सलग वाचायची गरज नाही. ताईंनी आपल्याला लागेल ते प्रकरण आधी उघडावं. पालकांनी पाणी आणि भाषा ही दोन प्रकरणं आधी वाचावीत. पहिलं प्रकरण पाण्याच्या माठाचं आहे: माठ जमिनीपासून किती उंचीवर ठेवायचा, ओगराळ्याचा दांडा मुलाच्या हाताला बसेल इतका आखूड कसा करून घ्यायचा, खाली कोणता गोणपाट अंथरायचा आणि पाणी सांडलं तर पुसायचं फडकं मुलाला दिसेल अशा खुंटीवर कुठे टांगायचं. तहान लागलेल्या मुलाला इथे कुणाकडे काही मागावं लागू नये, म्हणून ते प्रकरण सगळ्यांत आधी ठेवलं आहे.